वीतभर उजेड

१

फोटो जागच्या जागी होता. त्यातला फक्त एक तुकडा नव्हता.

प्रिस्किला गावित शाळा सुटल्यावर मोलगीहून जीपने अक्कलकुव्याला उतरली आणि वाचनालयाच्या सभागृहात शिरली, तेव्हा साडेतीन वाजले होते. आत पंधरा-वीस माणसं गोळा झाली होती. तिला पाहताच सगळी बाजूला सरली. समोरच्या भिंतीवर तिचा सगळ्यात मोठा फोटो होता. चार फूट रुंद, जाड कापडावर छापलेला, लाकडी चौकटीवर ताणून बसवलेला. त्याच्या उजव्या खालच्या बाजूला वीतभर लांब आणि चार बोटं रुंद अशी तिरपी फट पडली होती. फटीतून मागची चुन्याची भिंत दिसत होती.

प्रिस्किलाने हाताने चौकट धरली. कुणीतरी खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही.

हा फोटो मिळवायला तिला तीन हिवाळे लागले होते. ती डोंगरातल्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि अमावास्येच्या आसपास कॅमेरा घेऊन निघायची. काठी गावाच्या अलीकडच्या टेकडीवर तिपाई रोवायची, वाऱ्याने हलू नये म्हणून तिच्या पोटाला दगडांची पिशवी लटकवायची, गारठ्याने बॅटरी बसू नये म्हणून जादाची बॅटरी लोकरी मोज्यात घालून काखेत धरायची. मग कॅमेऱ्याचा पडदा दोन-दोन मिनिटं उघडा ठेवायचा. डोळ्यांना जे दिसत नाही ते कॅमेरा हळूहळू साठवतो. पृथ्वी फिरते, तारे सरकतात, आणि असे अनेक फोटो एकावर एक जोडले की ध्रुवाभोवती ताऱ्यांच्या कमानी उमटतात. पहिल्या हिवाळ्यात काचेवर दव बसलं. दुसऱ्या हिवाळ्यात ढग आले. तिसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, सगळं जमून आलं. खाली सातपुड्याची काळी धार, वर शेकडो कमानी, आणि धारेवरून खाली उतरणारी एक बारीक सोनेरी रेघ. कुणीतरी उजेड घेऊन डोंगर उतरत होतं. माणूस उमटला नव्हता, कारण चालणारा माणूस इतक्या लांबच्या फोटोत विरून जातो. त्याच्या हातातला उजेड तेवढा राहिला होता.

कापून नेला होता तो नेमका तोच भाग.

“बाजाराचा दिवस होता,” वाचनालयाच्या अध्यक्षा शीलाताई म्हणाल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, आवाजात अजून तास घेतल्याचा करारीपणा होता. “दोन वाजता वीज गेली. शिपाई चहाला गेला. अर्धा तास हॉल उघडाच. आणि इथे वास बघ.”

फोटोखालच्या फरशीवर चिकट थेंब वाळले होते. मोहाच्या दारूचा वास अजून येत होता.

“कुणीतरी पिऊन आला आणि हात साफ करून गेला,” शीलाताईंनी निकाल दिला. “पोलिसांत तक्रार देऊ. आणि समितीपुढे मी उद्याच ठराव मांडते. बाजाराच्या दिवशी हा हॉल बंद.”

बाजाराच्या दिवशी डोंगरातली माणसं खाली येतात. त्यांनीच स्वतःचे डोंगर बघावेत म्हणून प्रिस्किलाने हे प्रदर्शन इथे मांडलं होतं, नंदुरबारच्या मोठ्या हॉलमध्ये नाही. आता त्यांच्यावरच दार लागणार होतं.

तेवढ्यात मागून एक घोगरा आवाज आला.

“पोरी, हाई चोरी नही शे.”

२

बोलले ते हिंमतराव पाटील, शहादा तालुक्यातल्या कळसाडीचे. छत्तीस वर्षं जमिनीची मोजणी करण्यात गेली. सातपुड्यातला एकही पाडा नसेल जिथे त्यांनी साखळी ओढली नाही. निवृत्त झाल्यावर माणसं ऊसकापसात रमतात. हिंमतरावांना मात्र दुसऱ्यांच्या भानगडींत रस. बांधाचे तंटे, हरवलेले दाखले, कुणाच्या खळ्यातून गेलेली मोटार, कशाचाही ते शांतपणे माग काढायचे. उद्घाटनाला आले होते तेव्हा या फोटोपुढे पाऊण तास उभे होते. “बेटा, तू बसनी आनि तुन्ही दुनिया फिरनी,” एवढंच म्हणाले होते. प्रिस्किलाला आजवर मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी वाटली होती.

आता त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, खिशातून भिंग काढलं आणि फटीच्या कडेला नाक लावलं.

“चोर व्हता तं बठ्ठं लई जाता. दारूड्या व्हता तं बठ्ठं फाडता. यानी वीतभर लिन्हं नि बाकीनं जपीसन ठेवं.”

प्रिस्किला वाकली. खरंच, वरची कड डोंगराच्या धारेला धरून उतरत गेली होती. एकाही ताऱ्याला धक्का लागला नव्हता. कापडाच्या कडेला सारख्या अंतरावर बारीक दाते उमटले होते.

“ब्लेड नाही हे,” ती म्हणाली.

“ब्लेड गुळगुळीत कापस. हाऊ दातेरी इळा शे. नवा, नही तं आजच धार लायेल.”

मग हिंमतराव गुडघ्यावर बसले. थेंब तीन होते, एका ओळीत, फोटोच्या बरोबर मधोमध. भिंतीच्या कडेला फरशीच्या सांध्यात ज्वारीचे चार दाणे अडकले होते.

“चंदन, आठे झाडू मारा का?”

चंदन वाचनालयाचा शिपाई. काटकुळा, सतत घाईत असलेला. “हां आप्पा. दाना पडेल व्हतात. चिमूटभर. उंदीर लई येतस, म्हणीसन झाडी टाकात.”

“उंदीर मोह पितस का रे?”

कुणीतरी हसलं. चंदन हसला नाही. त्याने नजर फरशीकडे वळवली, आणि हिंमतरावांनी ते पाहिलं. त्यांनी दारात उभ्या असलेल्या एका माणसाकडे बोट केलं.

“हेमकांत, जरा इकडे ये.”

शहाद्यात हेमकांत चौधरीचा स्टुडिओ होता. लग्नाचे फोटो काढण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. त्याचेही चार फोटो या प्रदर्शनात होते, आणि उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांदेखत तो म्हणाला होता की यात त्या बाईचं काय कौतुक, कॅमेराच सगळं करतो, हिने फक्त झोप काढली असेल.

“मन्हावर कसाले संशय?” हेमकांतचा चेहरा तांबूस झाला. “मी बोलनू ते बोलनू. पन मी फोटो कापसू का, आप्पा? कोनाबी फोटो कापाले मन्हा हात उठाव नही.”

“दुपारी दोनला कुठे होतात?” प्रिस्किलाने विचारलं. तिचा आवाज तिला वाटलं त्याहून कडक निघाला.

हेमकांत हळू आवाजात शुद्ध मराठीत बोलला, वर्गात उत्तर द्यावं तसं. “दोनला नाही, पण इथे येऊन गेलो होतो, मॅडम. एक वाजता. गर्दी नसताना तुमचा फोटो बघायला आलो होतो. गेल्या महिन्यात मी दोन रात्री तोरणमाळला बसलो. असे तारे काढायला. एकही धड आला नाही. लोकांसमोर कसं विचारणार तुम्हाला?”

“एक वाजता फोटो सलग होता?” हिंमतरावांनी विचारलं.

“होता. आणि आणखी एक जण बघत होता. बघत काय, मोबाइलवर फोटोचा फोटो घेत होता. ललित गिरासे.”

३

डोंगराच्या पायथ्याशी पर्यटकांसाठी तंबूंची वसाहत उभारण्याच्या खटपटीत ललित गिरासे होता. पांढरा शर्ट, दोन मोबाइल, बोलणं गोड. महिनाभर तो प्रिस्किलाच्या मागे लागला होता. फोटो त्याला जाहिरातीसाठी हवा होता. तिने नाही म्हटलं होतं, कारण जाहिरातीत तो ‘निर्मनुष्य सातपुडा’ असं छापणार होता.

हिंमतरावांनी त्याला चहाच्या टपरीवर गाठलं. तो लपवण्याच्या फंदातच पडला नाही.

“मी तिले कवयनं सांगी ऱ्हायनू, ती पिवळी रेघ पुसी टाक, मंग फोटो झकास दिखई. तारा पाहेत लोकेसले. मानूस कसाले?”

रेघ नको असलेला माणूस, आणि रेघच नाहीशी झालेली. प्रिस्किलाने हिंमतरावांकडे पाहिलं. ते शांतपणे बशीतला चहा फुंकत होते.

“म्हणजे ती रेघ तुम्हाला नकोच होती,” ती म्हणाली.

“नको होती. अजूनही नको आहे.” ललितने मोबाइल पुढे केला. “हे बघा मॅडम. आज दुपारी एकला फोटो घेतला आणि सव्वालाच पुसलीपण. दोन मिनिटांचं काम.”

मोबाइलच्या पडद्यावर तिचा डोंगर होता, रेघेशिवाय. अगदी सुबक, आणि मेलेला. प्रिस्किलाला तो पाहवेना.

परतताना हिंमतराव म्हणाले, “ज्याले पुसता येस तो कापाव नही. आनि भोक पडेल फोटो त्याले काय कामना? हाऊ नही.”

“मग कोण, आप्पा?”

“ज्याले रेघ नको व्हती तो नही. ज्याले रेघच पाहे व्हती तो.”

सभागृहात परत आल्यावर त्यांनी दाराजवळच्या टेबलावरची अभिप्रायाची वही उघडली. दिवसभरात नऊ जणांनी लिहिलं होतं. ‘सुंदर’, ‘अप्रतिम’, ‘सातपुड्याचा अभिमान’. नवव्या अभिप्रायाखाली काही लिहिलेलं नव्हतं. तिथे एक अंगठा होता. शिक्क्याच्या जांभळ्या शाईतला, नीट दाबून उठवलेला, रेषा न् रेषा स्पष्ट.

“हा कुणाचा, चंदन?”

“असाच कोनीतरी,” चंदन म्हणाला. “बाजारना लोके. शाई देखी नि लाई दिन्ही.”

हिंमतरावांनी भिंग काढून अंगठा न्याहाळला. अंगठ्याची नोंद म्हणजे शेवटची. तिच्यानंतर सभागृहात पाऊल ठेवणाऱ्याने लिहिलं असतं ते फट पाहिल्याचं.

“पोरी, चोर अंगठा दिसन जास का कधी?”

ज्याने कापलं त्याने जाताना सही केली होती.

४

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच हिंमतराव तिच्या खोलीवर आले आणि म्हणाले, मूळ फोटो दाखव. सगळे.

सगळे म्हणजे छत्तीस. दोन-दोन मिनिटांचे छत्तीस फोटो, साडेआठ ते पावणेदहाच्या सुमारास घेतलेले. तिने ते जोडून एक केले होते, आणि जोडल्यावर सुट्यांकडे पुन्हा पाहिलं नव्हतं. आता तिने लॅपटॉपवर पहिला उघडला आणि डोंगराचा कोपरा मोठा केला.

धारेच्या माथ्यावर एक पिवळा ठिपका. स्थिर.

“हाऊ रंग देख,” हिंमतराव म्हणाले. “बॅटरीना उजेड पांढरा ऱ्हास, निळसर. हाऊ कंदील शे.”

“आजकाल कंदील कोण वापरतं?”

“म्हातारं मानूस.”

दुसऱ्या फोटोत ठिपका हलला होता, त्याची रेघ झाली होती. तिसऱ्यात लांब रेघ. चौथ्यात छोटी रेघ आणि तिच्या टोकाला एक ठळक गाठ. हिंमतरावांनी कागदावर डोंगर काढला आणि प्रत्येक फोटोचा क्रमांक त्या-त्या जागी मांडत गेले. मोजणीच्या नकाशावर खुणा कराव्यात तसे. चौथा, नववा, तेरावा, सतरावा, बाविसावा, सव्विसावा. सहा गाठी. एकतिसाव्यात रेघ पायथ्याच्या डांबरी रस्त्याला भिडत होती.

“ह्या गाठी म्हणजे घरं शेतस,” ते म्हणाले. “मन्हा नकाशावर शेतस ना ह्या. वरना पाड्यानी घरं अशीच दूर-दूर. यो मानूस सहा दारेवर थांबना. जास्ती नही, एकेक मिनिट.”

“कुणाला तरी शोधत होता?”

हिंमतराव बोटांवर हिशेब करत होते. वरच्या पाड्यापासून रस्त्यापर्यंत. सहा घरांना वळसा घालून. एकतीस फोटो, म्हणजे बासष्ट मिनिटं.

“ह्या वाटवर मी साखळी वढेल शे. जवान व्हतू. दिनना उजाळामा, रिकामा हातखाल, माले दोन तास लागेत.” त्यांनी चष्मा काढला. “हाऊ चाली नही ऱ्हायना, पोरी. हाऊ पळी ऱ्हायना.”

अंधारात, अमावास्येला, दगडधोंड्यांच्या उतारावर, हातात कंदील घेऊन एक म्हातारा माणूस पळत होता. प्रिस्किलाला ती रात्र आठवली. ती समोरच्या टेकडीवर घोंगडी पांघरून बसली होती. तिने तो उजेड पाहिला होता. कुणाची तरी शेळी हरवली असेल असं वाटलं होतं, आणि रेघ छान येईल म्हणून ती मनातून खूश झाली होती.

“आप्पा, थांबा.” तिने पाचवा फोटो आणखी मोठा केला, उजेड वाढवला. काळ्या डोंगरावर, पहिल्या गाठीपासून, केसाएवढी बारीक पांढरी रेघ निघाली होती. बॅटरीची. जोडलेल्या फोटोत ती ताऱ्यांच्या झगमगाटात बुडून गेली होती.

दहाव्या फोटोत दुसरी पांढरी रेघ. चौदाव्यात तिसरी. प्रत्येक गाठीपासून एक नवी.

कंदील खाली उतरत होता, आणि त्या पांढऱ्या रेघा सगळ्या वर चढत होत्या.

५

समिती अकरा वाजता बसली. शीलाताईंच्या हातात ठरावाचा कागद तयार होता. हेमकांत आला होता, ललितही आला होता, चंदन दारापाशी उभा होता.

हिंमतराव उभे राहिले. सभेत ते मराठीतच बोलायचे, मोजणीच्या कचेरीची सवय.

“ठराव मांडण्याआधी माझं पाच मिनिटं ऐका, ताई. दारूड्या माणसाचा हात असा सरळ चालत नाही. डोंगराची धार सांभाळून, तारा न दुखवता कापणारा माणूस शुद्धीत होता. तो मत्सराने आला नव्हता, नाहीतर तारेच फाडले असते, कारण कौतुक ताऱ्यांचं होत होतं. त्याला सगळ्या फोटोतली फक्त ती रेघ हवी होती. आणि फरशीवरचे थेंब सांडलेले नाहीत. तीन, एका ओळीत. त्यांच्याजवळ चिमूटभर ज्वारी. हे काय असतं ते प्रिस्किला सांगेल.”

प्रिस्किला उठली. नऊ वर्षं ती डोंगरात राहत होती. काल ते थेंब पाहूनही तिला सुचलं नव्हतं, याची तिला लाज वाटत होती.

“डोंगरात मोह प्यायच्या आधी काही थेंब जमिनीवर सोडतात,” ती म्हणाली. “गेलेल्या माणसांसाठी. दाणेही त्यांच्यासाठीच.”

“म्हणजे ती रेघ ज्याची आहे, तो माणूस आता नाही,” हिंमतराव म्हणाले. मग त्यांनी छत्तीस फोटोंची हकीकत सांगितली. सहा दारं, सहा गाठी, वर चढणारे सहा उजेड. “डोंगरात मोबाइलला रेंज नाही. वर कुणाच्या तरी जिवावर बेतलं होतं. झोळी करून खाली आणायला माणसं लागतात. हा कंदील दारोदार माणसं उठवत खाली गेला. एकतिसाव्या फोटोत तो रस्त्यावर पोचला. पुढच्या चार फोटोंत तो एकाच जागी गोल गोल फिरतोय, कारण तो माणूस रस्त्यात उभा राहून कंदील ओवाळत होता. आणि छत्तिसाव्यात फोटोच्या कडेला दोन पांढरे पट्टे आलेत. गाडीचे दिवे. गाडी थांबली.”

हेमकांत पुढे झुकून ऐकत होता. ललित मोबाइल खिशात घालून बसला होता.

“आता उरला एक प्रश्न. ज्याला ही रेघ ओळखू आली तो माणूस निरक्षर आहे, आणि इतका सरळ की नेल्याबद्दल वहीत अंगठा ठेवून गेला. असा माणूस आधी विचारल्याशिवाय राहत नाही.” हिंमतराव वळले. “चंदन, तिनी तुले काय विचारं व्हतं?”

‘तिनी’ म्हटल्याबरोबर चंदनचे खांदे पडले. आप्पांनी अंदाजाने फेकलेला खडा होता तो. वहीतला अंगठा लहान होता, बाईचा असावा एवढंच त्यांना वाटलं होतं.

“म्हातारी व्हती, आप्पा,” चंदन म्हणाला. “तासभर त्या फोटोपुढे बसेल व्हती. मंग माले म्हने, हाई एवढं काढी देशी का? मन्हं शे. मी म्हनं, हात लाऊ नको, बाहेर निंघ.” त्याने बाहीने तोंड पुसलं. “लाईट गयी. मी चहा पिवाले गयथू. वापस उनू तं… मी सांगं नही. मी तिले हाकली दिन्हं, हाई कसं सांगू?”

शीलाताईंनी हातातला कागद पुन्हा एकदा वाचला. मग त्याच्या चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये टाकला.

“फोटो तुझा आहे, प्रिस्किला,” त्या म्हणाल्या. “तक्रार द्यायची का ते तू सांग.”

“मला तक्रार द्यायची नाही. मला तिथे जायचंय.”

“कोठे जाशी?” हेमकांतने विचारलं. “नाव ना गाव.”

“पहिल्या फोटोतला ठिपका,” ती म्हणाली. “तो जिथून निघाला त्या दारात.”

६

जीप डांबरी रस्त्यावर सोडून दोघं चढायला लागले. हिंमतरावांना दम लागत होता, पण ते थांबायला तयार नव्हते. प्रत्येक घरापाशी आले की हातातला कागद बघायचे आणि “सव्वीस”, “बावीस”, “सतरा” असं पुटपुटायचे. प्रिस्किला मागे वळून उतार बघायची. दिवसाउजेडी पाय घसरत होते. हे कुणी अंधारात पळत उतरलं होतं.

माथ्यावरच्या पहिल्या घराच्या अंगणात एक तरुण बाई तांदूळ पाखडत होती. शेजारी नऊ-दहा महिन्यांची मुलगी सुपातले दाणे मुठीने उचलून फेकत होती. बाईचं नाव धनुबाई. प्रिस्किलाने भिलीत विचारलं, फेब्रुवारीत इथे कुणाला झोळीने नेलं होतं?

धनुबाईने मुलीला उचलून कडेवर घेतलं. “मला,” ती म्हणाली. “ही अडली होती. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर दोघी गेलो असतो.”

“कंदील घेऊन कोण उतरलं होतं?”

धनुबाईने शेजारच्या घराकडे पाहिलं.

सोमीबाई दारातच बसली होती. साठी उलटलेली, बांध्याने लहान. प्रिस्किलाला पाहून ती उठली नाही, घाबरलीही नाही. तिने मान हलवली, जणू कुणी येणार हे ठाऊकच होतं. आत कुडाच्या भिंतीवर, बांबूच्या दोन कामट्यांत नीट बसवलेला, कापडाचा तो तिरपा तुकडा होता.

“अंगठा दिला होता मी,” ती म्हणाली. “त्या माणसाला विचारलंही होतं.”

“माहीत आहे.” प्रिस्किला तिच्याशेजारी बसली. “हे तुमचे कोण?”

“माझा माणूस. दलपत.” होळीच्या आधी आठ दिवस त्याला ताप भरला आणि दोन रात्रींत तो गेला, असं सोमीबाईने सांगितलं. त्याचा एकही फोटो घरात नव्हता. सरकारी कार्डावर होता तो काळा पडलेला, ओळखू न येणारा. “बाजारात पाय दुखले म्हणून त्या घरात टेकले. भिंतीवर आमचा डोंगर दिसला. मग हा दिसला. त्या रात्री धनुच्या उशाशी बसून मी उघड्या दारातून बघत होते ना. असाच गेला होता. इथे वळला, इथे थांबला, आमशाच्या दारात. मला पाठ होतं. मला वाटलं, मी एकटीनेच बघितलं.”

“मीही बघत होते,” प्रिस्किला म्हणाली. तिने समोरच्या टेकडीकडे बोट केलं. “तिथून. पण मला काही कळलं नाही. मी नुसती बसून होते.”

सोमीबाईने त्या टेकडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“एकटी? त्या थंडीत? कशासाठी?”

“तारे बघायला.”

“बरं झालं बसलीस,” सोमीबाई म्हणाली. “नाहीतर हा कुठे उरला असता?”

हिंमतराव खाटेवर टेकून दुसरीकडे बघत होते. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि घाम आल्याचं दाखवलं.

तुकडा प्रिस्किलाने परत मागितला नाही. तिने लॅपटॉप काढला आणि अंगणात, सावलीत, खाटेवर ठेवला. एकेक करत पाडाभरची माणसं जमली. पाचवा फोटो आला तेव्हा आमशा वळवी ओरडला, “हा मी! ही माझी बॅटरी!” दहाव्यात दुसरा पुढे सरसावला. मग कोण आधी वर पोचलं यावरून दोघांची जुंपली, आणि प्रिस्किलाने फोटो पुढे-मागे करून निवाडा दिला. धनुबाईने मुलीचं बोट धरून त्या पांढऱ्या रेघांवरून फिरवलं, एकेका काकाचं नाव घेत. इतकी वर्षं रात्री जागून काढलेल्या फोटोंचं इतकं बारीक वाचन आजवर कुणी केलं नव्हतं. अमुक वाटेला वळण कुठे, कुठल्या दगडाला ठेच लागली, सगळं त्यांना त्यात दिसत होतं. सहाजणांनी धनुबाईला खांद्यावर घेऊन रस्ता गाठला तेव्हा पावणेबारा झाले होते आणि दलपत जीपच्या दारात हात ठेवून उभा होता, ड्रायव्हरने निघून जाऊ नये म्हणून. हे कुठल्याच फोटोत नव्हतं. ते आमशाने सांगितलं.

सगळं बघून झाल्यावर सोमीबाई म्हणाली, “पहिला परत लाव.”

प्रिस्किलाने पहिला लावला. काळा डोंगर, आणि माथ्यावर पिवळा ठिपका.

“इथे अजून निघाला नाही तो,” सोमीबाई म्हणाली. “धनुच्या दारात उभा आहे. मी आत तिच्यापाशी होते.”

“दोन मिनिटं उभे होते,” प्रिस्किला हळूच म्हणाली. “म्हणून ठिपका इतका ठळक आलाय. काय करत होते?”

“माझ्याशी बोलत होता.”

“काय म्हणाले?”

“म्हणाला, मी गाडी आणतो. तोवर तू हिचा हात सोडू नकोस.”

धनुबाई मुलीला घेऊन शेजारी उभी होती. सोमीबाईने तिच्याकडे न बघताच म्हटलं,

“नाही सोडला.”